'धग' कुणाची, 'स्वामी' कोणता? एकाच नावाच्या कादंबऱ्या आणि चित्रपट

पानखूण
'धग' म्हटलं की एकाला उद्धव शेळके आठवतात, दुसऱ्याला उषा जाधव. दोघंही बरोबर असतात, फक्त दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कादंबरी १९६०ची. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, महादेवच्या हातून संसार ओढला जात नाही म्हणून पदर खोचून उभी राहिलेली कौतिक, आणि वऱ्हाडी बोलीतले ते संवाद. चित्रपट शिवाजी लोटन पाटील यांचा. त्यात आहे स्मशानातलं काम पिढ्यानपिढ्या करणारं कुटुंब आणि त्या कामातून सुटू पाहणारा मुलगा. एकातलं माणूस दुसऱ्यात नाही. तरी 'धग कादंबरीवरचा सिनेमा' असं कुणीतरी बोलून जातं आणि ऐकणारा मान डोलावतो.

माझं म्हणणं एवढंच, की नाव सारखं असणं हा कसलाच पुरावा नाही. रूपांतरं वेगळी ठेवू या. 'बनगरवाडी', 'शाळा', 'नटरंग', 'दुनियादारी', 'चानी' ही सगळी रूपांतरं. तिथे पुस्तक आणि सिनेमा एकाच घरचे आहेत. या धाग्यात हवे आहेत ते नुसते नामबंधू : नाव तेच, नातं काही नाही.

दोन प्रश्न. एक, अशा जोड्या कोणत्या? दोन, सिनेमा पुस्तकावर बेतला आहे की नाही हे पक्कं कसं ठरवायचं, आणि नोंद कशी लिहायची म्हणजे पुढच्याची गल्लत होणार नाही?

दुर्बीण
'फकिरा'! अण्णा भाऊ साठे यांची १९५९ची कादंबरी, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. तिच्यावर १९६३ला त्याच नावाचा मराठी चित्रपट आला, ते रूपांतर. पण १९७६चा शशी कपूर-शबाना आझमींचा हिंदी 'फकीरा' हा सर्वस्वी वेगळा. म्हणजे एका नावाखाली तीन वस्तू, त्यांतल्या दोन सख्ख्या आणि तिसरी परकी.

लिहिताना वेलांटीकडे लक्ष द्या. कादंबरी 'फकिरा', पहिली वेलांटी. हिंदी चित्रपट 'फकीरा', दुसरी. देवनागरीत शोधताना एवढ्याने निम्मं काम होतं.

रीळ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर श्रेयनामावलीत आहे. सिनेमा सुरू झाल्यावर पटकथा-संवादाच्या पाटीच्या आसपास थांबा. तिथे चार प्रकारचे शब्द येतात आणि चारही वेगळे.

नुसतं 'कथा' आणि पुढे नाव असेल तर ती बहुधा सिनेमासाठीच लिहिलेली असते. 'मूळ कथा' असेल तर आधी कुठेतरी छापलेलं काहीतरी आहे. 'अमुक यांच्या कादंबरीवर आधारित' असेल तर प्रश्नच मिटला. आणि 'कथाबीज' किंवा 'कल्पना' असेल तर सावध व्हा, तिथे पुस्तक असेलच असं नाही.

अडचण अशी, की जुन्या सिनेमांच्या ज्या प्रती जालावर फिरतात त्यांची सुरुवात बऱ्याचदा छाटलेली असते. थेट पहिल्या दृश्यापासून सुरू. अशा वेळी शेवटची नामावली पाहा, नाहीतर त्या काळची जाहिरात किंवा गाण्यांची पुस्तिका मिळवा. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर नाव, भाषा, लांबी हे सगळं मिळतं, पण कथा कुठून आली ते त्यावर नसतं. त्यामुळे दोन सारख्या नावांचे सिनेमे वेगळे करायला ते उपयोगी, पुस्तकाशी नातं ठरवायला नाही.

आणि साल. 'धग'चंच घ्या. राष्ट्रीय पुरस्कार २०१२ सालचे (दिग्दर्शन आणि अभिनेत्री, दोन्ही), चित्रपटगृहात आला २०१४ला. एकाने २०१२ लिहिलं, दुसऱ्याने २०१४, की तिसऱ्याला वाटतं दोन 'धग' आहेत.

मधलं पान
'रणांगण' विसरलात. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी, युरोप सोडून निघालेल्या बोटीवर घडणारी. चक्रधर आणि हेर्टा. पुढे त्याच नावाचं नाटक आलं, ते विश्वास पाटलांच्या 'पानिपत'वरून, वामन केंद्रे यांनी बसवलेलं. आणि २०१८ला 'रणांगण' चित्रपट, तो तिसराच.

गंमत पाहा, इथे नाटक रूपांतर आहे, पण त्याच नावाच्या पुस्तकाचं नाही. नाटकाच्या जाहिरातीत 'कादंबरीवर आधारित' असं खरंखुरं लिहिलेलं असणार, आणि वाचणारा मनातल्या मनात बेडेकरांची बोट त्याला जोडून टाकणार.

कोपरा
'बळी' लिहून घ्या. विभावरी शिरूरकर, १९५०, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमधलं जग. २०२१चा 'बळी' हा भयपट आहे. संबंध शून्य.

दुर्बीण
@कोपरा, @मधलं पान, तुम्हा दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. नवऱ्याच्या कादंबरीचं नाव २०१८च्या सिनेमाला, बायकोच्या कादंबरीचं नाव २०२१च्या सिनेमाला, आणि दोन्ही सिनेमांत स्वप्नील जोशी!

मधलं पान
वा! हे लक्षातच आलं नव्हतं. मग 'समांतर'ही त्याच ओळीत बसवा, तिथे उलटा पेच आहे. सुहास शिरवळकरांची 'समांतर' कादंबरी. २००९ला अमोल पालेकरांचा 'समांतर' चित्रपट आला, शर्मिला टागोर होत्या त्यात. त्याचा शिरवळकरांशी संबंध नाही. शिरवळकरांच्या कादंबरीवर आली ती २०२०ची वेबमालिका, सतीश राजवाडे यांची, आणि तिच्यातही स्वप्नील जोशीच. म्हणजे 'समांतर वाचलीय, आता सिनेमा बघतो' म्हणणारा हमखास चुकीचं दार उघडणार. त्याला मालिकेकडे पाठवायला हवं.

पानखूण
रणांगण, बळी, समांतर तिन्ही घेतले. फकिरा तीन ओळींत विभागून लिहिला. @रीळ, श्रेयनामावलीचा नियम मला पटला. तोच अंतिम धरू या का? 'मूळ कथा' किंवा 'कादंबरीवर आधारित' अशी पाटी असेल तर रूपांतर, नसेल तर नामबंधू.

कार्ड
थांबा, हा नियम 'स्वामी'पाशी फसतो.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची, माधवराव पेशव्यांवरची, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. बासू चटर्जींचा 'स्वामी' १९७७चा : शबाना आझमी, गिरीश कर्नाड. हा चित्रपट साहित्यकृतीवरच आहे आणि त्या साहित्यकृतीचं नावही 'स्वामी'च आहे. पण ती शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची! तुमच्या नियमाप्रमाणे पाटी वाचली, 'स्वामी' दिसलं, टाकली खूण रूपांतरावर. पाटी खरी, निष्कर्ष साफ चुकला.

म्हणून पाटीवर पुस्तकाचं नाव वाचून पुरत नाही, लेखकाचं नाव वाचलं पाहिजे. पेशव्यांच्या 'स्वामी'वर दूरदर्शनची मालिका होती, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची, ती मात्र देसाईंचीच. वर २००७चा मनोज बाजपेयींचा आणखी एक हिंदी 'स्वामी' आहे, तो या दोन्ही पुस्तकांपासून लांब. एका नावाखाली दोन पुस्तकं, दोन सिनेमे आणि एक मालिका. या धाग्यात याच्याइतकी अवघड नोंद दुसरी नसेल.

रीळ
मान्य. नियम दुरुस्त करतो : पाटीवर आधी लेखक, मग नाव. लेखक जुळला तरच पुढे.

टिपकागद
हाच प्रकार इंग्रजीत 'क्रॅश'चा. जे. जी. बॅलार्ड यांची कादंबरी १९७३ची, तिच्यावर डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९९६चा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला 'क्रॅश' पॉल हॅगिस यांचा. त्याचा महोत्सवातला पहिला खेळ २००४ला, प्रदर्शन २००५ला, ऑस्करचा सोहळा २००६ला. तीन साली तीन ठिकाणी दिसेल, सिनेमा एकच. ऑस्कर म्हणून बॅलार्डची कादंबरी उचलणारा वाचक दहाव्या पानावर गोंधळतो, कारण ते पुस्तक फार वेगळ्या वाटेचं आहे.

पुस्तकं-पुस्तकंही भांडतात. एच. जी. वेल्स यांचा अदृश्य माणूस १८९७चा, राल्फ एलिसन यांचा १९५२चा. इंग्रजीत पहिल्याच्या नावाआधी 'द' आहे, दुसऱ्याच्या नाही. मराठीत बोलताना तो 'द' गळतो आणि फरक पुसला जातो.

आणि 'जॉयलँड'. एमिली शुल्ट्झ यांची कादंबरी २००६ची. २०१३ला स्टीव्हन किंगची त्याच नावाची आली, पण ती सुरुवातीला फक्त छापील होती, ई-बुक नव्हतं. ई-बुक शोधणाऱ्यांना सापडलं ते शुल्ट्झ यांचं. लोकांनी ते किंगचं समजून विकत घेतलं, काहींनी रागाने वाईट अभिप्राय दिले. लेखिकेला मात्र अनपेक्षित मानधन मिळालं आणि त्या पैशाचं काय केलं हे तिने जालावर लिहून सांगितलं.

कोपरा
मला एक समजत नाही. इतकी नावं सारखी कशी चालतात? कुणी हरकत घेत नाही?

मोडी
कारण नावावर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट कायद्यात 'कृती'ला संरक्षण आहे, आणि दोन-चार शब्दांचं शीर्षक ही स्वतंत्र कृती धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ला 'देसी बॉईज'च्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं : नुसत्या शीर्षकावर कॉपीराइटचा दावा चालणार नाही.

मग निर्मात्यांच्या संघटनांकडे नाव नोंदवतात ते काय? ती सभासदांची आपापसातली व्यवस्था. नाव नोंदलं की दुसरा सभासद ते घेत नाही, एवढाच तिचा जोर. कादंबरीकार त्या संघटनेत नसतोच, म्हणून १९३९चं पुस्तकाचं नाव २०१८ला घ्यायला तिथे कुणी अडवत नाही.

उरला ट्रेडमार्क. मालिकेच्या नावाला तो तुलनेने सहज मिळतो, एकट्या सिनेमाच्या किंवा पुस्तकाच्या नावाला अवघड. त्यासाठी ते नाव उच्चारलं की लोकांच्या मनात तीच कलाकृती उभी राहते असं सिद्ध करावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयापुढे २००७ला 'निःशब्द'चा वाद गेला होता : आधीचा बंगाली चित्रपट विरुद्ध राम गोपाल वर्मांचा हिंदी. बंगाली चित्रपट आधीचा होता, तरी मनाई मिळाली नाही. नावाला तशी ओळख मिळाल्याचं दाखवता आलं नव्हतं आणि दाद मागायला उशीरही झाला होता.

थोडक्यात, पुस्तकातली गोष्ट उचलली तर लेखक भांडू शकतो. नुसतं नाव उचललं तर बहुतेक वेळा नाही.

दुर्बीण
म्हणूनच जाणते लोक नावाला शेपूट लावतात. १९६९चा असित सेन यांचा 'खामोशी', १९९६ला भन्साळींनी 'खामोशी : द म्युझिकल' केलं. २०१२चा 'अ‍ॅव्हेंजर्स' ब्रिटनमध्ये 'मार्व्हल अ‍ॅव्हेंजर्स असेंबल' म्हणून लावला, कारण तिथे त्याच नावाची जुनी दूरदर्शन मालिका लोकांच्या ओळखीची होती.

मधलं पान
आणि शेपूट न लावलेले : 'अंदाज' १९४९, १९७१, २००३. तीन पिढ्यांचे तीन, एकही दुसऱ्याचा पुनर्जन्म नाही.

अवांतर
जरा विषय सोडून लिहितो, पण हे इथे यायलाच हवं. 'सांगत्ये ऐका'.

१९५९चा अनंत माने यांचा तमाशापट, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चाललेला. नायिका हंसा वाडकर. पुढे त्यांनी आत्मकथन सांगितलं, शब्दांकन अरुण साधूंचं, आणि पुस्तकाला नाव दिलं 'सांगत्ये ऐका'. म्हणजे सिनेमाचं नाव पुस्तकाला गेलं. पुस्तकात त्या सिनेमाची गोष्ट नाही, बाईंचं स्वतःचं आयुष्य आहे. त्या पुस्तकावरून १९७७ला श्याम बेनेगलांनी सिनेमा केला, त्याचं नाव 'भूमिका'!

आता पानखूण यांच्या दोन गठ्ठ्यांत हे कुठे बसवायचं ते सांगा. नाव सारखं ते दोघे एकमेकांवर बेतलेले नाहीत, आणि बेतलेले आहेत त्यांचं नाव सारखं नाही. पण नामबंधू म्हणून ढकलावं तर मधला धागा एका जित्याजागत्या बाईचा आहे. तमाशातल्या बाईचं 'सांगत्ये ऐका' तिने स्वतःच्या तोंडी घेतलं. नाव निवडताना इतका अर्थ क्वचित सापडतो.

पानखूण
@अवांतर, याला तिसरा गठ्ठा करते : 'नाव उसनं, जाणून घेतलेलं'. त्यात 'जगाच्या पाठीवर'ही येईल. राजा परांजपे यांचा १९६०चा चित्रपट, संगीत सुधीर फडके. आणि फडक्यांच्या आत्मचरित्राचं नाव तेच.

दुर्बीण
आणि त्या चित्रपटातलं गाणं 'एक धागा सुखाचा'. या धाग्याला शोभेल! :)

कोपरा
मग नाव बदललेली रूपांतरंही घ्या ना. तीच जास्त हरवतात. 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. 'कुंकू' ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून. 'जोगवा' राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांवरून. अण्णा भाऊंच्या 'आवडी'चा 'टिळा लावते मी रक्ताचा' झाला.

कार्ड
नको, त्याचा वेगळा धागा काढा. तो प्रश्न नेमका उलटा आहे आणि तितकाच मोठा. इथे मिसळला तर यादी कशाची हे कळेनासं होईल. 'सिंहासन' तेवढा इथे चालेल, कारण तो अर्धवट आहे : जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट अरुण साधूंच्या 'सिंहासन'वर आहेच, पण 'मुंबई दिनांक'वरही आहे. नाव एकाच कादंबरीचं घेतलं. चित्रपट पाहून 'सिंहासन' वाचणाऱ्याला काही धागे सापडत नाहीत, ते 'मुंबई दिनांक'मध्ये आहेत. जितेंद्रचा १९८६चा हिंदी 'सिंहासन' मात्र राजेरजवाड्यांचा, तो नामबंधूंत टाका.

ग्रंथालयातली सोय सांगते. दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३, चित्रपटांच्या पुस्तकांना ७९१.४३च्या पुढचे आकडे. त्यामुळे पटकथेचं पुस्तक आणि कादंबरी नावाने सारखी असली तरी एका फळीवर येत नाहीत. सूचीत शोधताना शीर्षकाने शोधू नका, लेखकाने शोधा आणि मग शीर्षक गाळा.

आयएसबीएन पाहा असं कुणी सांगेल. तेरा आकडे, भारतातल्या पुस्तकाला ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होणारे. पण तो क्रमांक आवृत्तीचा असतो, कादंबरीचा नव्हे. दुसऱ्या प्रकाशकाने काढली की क्रमांक बदलला. आणि १९६०च्या पहिल्या आवृत्तीवर तो असणारच नाही. मागवलेलं पुस्तक तेच का, एवढं त्यावरून कळतं, त्यापुढे नाही.

टिपकागद
जालावर शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रोमन लिपीत 'ळ' मरतो. 'बळी', 'बली' आणि इंडोनेशियातलं 'बाली' बेट हे तिन्ही रोमनमध्ये एकच होतं, निकालांत आधी समुद्रकिनारे येतात. 'झुंज'चं स्पेलिंग कुणी झेडने करतं, कुणी जे-एचने. म्हणून देवनागरीतच लिहा, नाव दुहेरी अवतरणात घाला आणि लेखकाचं आडनाव जोडा. नको ते गाळायला वजा चिन्ह : "धग" शेळके -चित्रपट. वजा आणि शब्दात जागा सोडली तर ते चालत नाही.

चित्रपटांच्या मोठ्या इंग्रजी सूचीत एकाच साली एकाच नावाचे दोन असतील तर सालापुढे रोमन अंक लावलेला असतो. तो भागाचा क्रमांक नव्हे, हे ध्यानात ठेवा.

मधलं पान
'झुंज'वरून : ना. सं. इनामदारांची 'झुंज' यशवंतराव होळकरांवरची. रवींद्र महाजनींचा चित्रपट 'झुंज' वेगळा. नामबंधू.

पानखूण
मग मूळ प्रश्नाकडे येते. वरचं सगळं धरून नोंदीचा साचा असा करते : नाव, मग कंसात प्रकार, भाषा, लेखक किंवा दिग्दर्शक, प्रदर्शनाचं वा पहिल्या आवृत्तीचं साल, आणि कंसानंतर 'मूळ' म्हणून स्रोत, लेखकाच्या नावासह. उदाहरणार्थ :

स्वामी (कादंबरी, मराठी, रणजित देसाई, १९६२)
स्वामी (चित्रपट, हिंदी, बासू चटर्जी, १९७७) मूळ : शरच्चंद्र चट्टोपाध्याय, 'स्वामी'

पुरस्काराचं साल कंसात घालायचं नाही, लिहायचंच तर शेवटी वेगळं. स्रोत श्रेयनामावलीत स्वतः पाहिला नसेल तर 'मूळ'ची जागा कोरी सोडायची. कोरी जागा चुकीच्या नावापेक्षा बरी, ती कुणीतरी भरेल.

रीळ
भाषा सक्तीची ठेवलीत ते उत्तम. 'चक्र'साठी लागेलच : जयवंत दळवींची कादंबरी मराठी, १९८१चा रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट हिंदी, नाव तेच आणि नातं खरं. चित्रपट हिंदी म्हणून कुणी त्याला नामबंधूंत टाकेल.

कोपरा
या साच्यात दोन टाकते.

भूमी (कादंबरी, मराठी, आशा बगे), साहित्य अकादमी २००६
भूमी (चित्रपट, हिंदी, ओमंग कुमार, २०१७)

'मूळ'ची जागा कोरी सोडली आहे, श्रेयनामावली पाहिलेली नाही. पहिल्या आवृत्तीचं सालही कुणाकडे पुस्तक असेल तर आतल्या पानावरून सांगा.

दुर्बीण
पार्टनर (कादंबरी, मराठी, व. पु. काळे)
पार्टनर (चित्रपट, हिंदी, डेव्हिड धवन, २००७)
श्री पार्टनर (चित्रपट, मराठी, २०१२) मूळ : व. पु. काळे, 'पार्टनर'

वपुंच्या वाचकांनी 'श्री' लावलेला शोधावा. त्यासाठी सूचीत 'प'पाशी नाही, 'श'पाशी जावं लागेल.